दळवीसाहेबांचा जनरेटर

"धुराचा पाईप ट्रेलरखालीच संपव. बाहेर दिसला तर शोभा जाते," दळवीसाहेबांनी बजावलं. कॅम्पिंगच्या नव्या ट्रेलरमध्ये त्यांना जनरेटर बसवून हवा होता.

वर्कशॉपमधल्या मालननं मान डोलावली. साहेबांनी तिला ओळखलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी साहेबांच्या गिरणीच्या जनरेटर खोलीत तिचा भाऊ धुरानं गुदमरून मेला, तेव्हा हेच साहेब चौकशीत म्हणाले होते, "धूर ओढणारा पंखा चालू होता. पिऊन झोपला असेल." थेंबालाही न शिवलेला भैरू गावभर दारुडा ठरला. आईनं त्या दिवसापासून शेजारपाजाऱ्यांकडे जाणं सोडलं.

मालननं साहेबांनी सांगितला तस्साच पाईप बसवला. "आत बसून दिवे बघा," म्हणाली, बाहेरून कडी घातली आणि जनरेटर सुरू केला. तळाशी वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून धूर आत चढला. साहेब दारावर बुक्क्या मारू लागले.

"उघड! मरेन मी!"

"मी भैरू सुताराची बहीण. गिरणीतला पंखा चालू होता का, साहेब?"

बुक्क्या थांबल्या. मग खोकत खोकत साहेब ओरडले, "बंद होता! महिनाभर बंद होता! मला ठाऊक होतं!"

वर्कशॉपमधले सगळे कारागीर हातातलं काम टाकून ऐकत राहिले. मालननं जनरेटर बंद करून कडी काढली आणि साहेबांना धाप लागलेली असतानाच जीपमध्ये बसवलं.

आईच्या दारात पोचल्यावर साहेब खालमानेनं पुटपुटू लागले.

"मोठ्यानं," मालन म्हणाली. "अख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ दे."