थांबलेलं उड्डाण

पोरगा श्रीशैल अपघातात गेल्यापासून कुरुंदवाडच्या नागाप्पाला टीव्हीवरच्या बातम्यांचाच नाद लागला होता. सध्या त्याचा जीव एका नव्या अंतराळयानात अडकला होता. त्यातनं पहिल्यांदाच माणसं वर जाणार होती, आणि त्यातला धाकटा श्रीशैलच्याच वयाचा दिसायचा. पण उड्डाण काही होईना. आज ते पुन्हा पुढं ढकललं, तसा नागाप्पा भडकला.

"यान तयार, माणसं तयार, आन् एका वॉल्व्हपायी परत थांबलंय बघ!"

शांतव्वानं शेंगा फोडता फोडता नवऱ्याला विचारलं, "कुणी थांबवलं?"

"त्या धाकट्यानंच. वॉल्व्ह बरोबर वाटंना म्हणाला, तर लगेच समदं बंद केलं त्यांनी."

"म्हंजे पोराचं ऐकलं की त्यांनी."

एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडं वळली. नागाप्पानं टीव्ही बंद केला.

अपघाताच्या सकाळी उसानं भरलेली ट्रॉली जोडून श्रीशैल दारात आला होता. "अप्पा, ब्रेक धरंनात," म्हणाला होता.

आणि नागाप्पा सोप्यातनंच ओरडला होता, "कारखान्यावरची पाळी चुकंल, काढ ट्रॅक्टर!"