मधली दुपार

"यांना शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं?" डॉक्टर ईशांनी दुसऱ्यांदा विचारलं.

भिकाजींचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. देवरूखजवळच्या गावातून त्यांना गाडीत घालून रत्नागिरीला आणणाऱ्या दोघी बाकावर बसल्या होत्या. एक त्यांची बायको दमयंती, दुसरी तिची धाकटी जाऊ सानिका. सानिकाचा नवरा मुंबईला नोकरीत, त्यामुळे शेजारच्या घरात ती एकटीच असे.

दमयंतीने पुन्हा तेच सांगितलं. सकाळी पेज पिऊन ते कलमांच्या बागेत गेले, संध्याकाळी अंगणात पडलेले सापडले. मधलं देव जाणे.

डॉक्टर वैतागल्या. सीटी स्कॅन वाचणाऱ्या एआयने आपलं काम चोख केलं होतं. गुठळी कुठे आहे ते दाखवलं होतं, मेंदूचा बराच भाग अजून वाचण्यासारखा आहे हेही सांगितलं होतं. पण झटका नेमका कधी आला, ते त्या बिचाऱ्यालाही सांगता येईना. झटका सकाळचा असेल, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने डोक्यात रक्तस्राव व्हायचा. फोनवरचे मुंबईचे मोठे डॉक्टरही हेच म्हणाले.

"दुपारी एकाने जरी यांना बरं पाहिलं असेल, तर मी आत्ता इंजेक्शन देते," ईशा म्हणाल्या. "नाहीतर हा हात आणि बोलणं परत येणं कठीण आहे."

दमयंतीने गावात फोन लावले. बागेतला गडी, दुकानदार, शेजारीपाजारी. कोणीच पाहिलं नव्हतं. मग ती जावेकडे वळली.

"सानिका, तुझ्या नजरेस पडले काय गो?"

सानिकाने ओढणी तोंडाला लावली. "नाय वहिनी. मी घरातच होते."

"नीट आठव."

"नाय."

मग डॉक्टरांनी नर्सला इंजेक्शन परत ठेवायला सांगितलं. कोल्हापूरला हलवायची सोय करते म्हणाल्या, पण तिथे पोचेपर्यंत फार उशीर झालेला असेल, हेही लपवलं नाही.

सानिका हमसून रडायला लागली. दमयंतीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. बाईला धक्का बसलाय, असं वाटून नर्स पाणी आणायला गेली.

दमयंतीने जावेच्या पाठीवर हात ठेवला.

"तू सांगतेस काय, तेच बघत होते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "दुपारी तुझ्या मागल्या पडवीत, तुझा हात धरून, चांगले हसत होते गो."