सफरचंदाचा धडा

जहाजावर पडून बेशुद्ध झालेल्या रोशनला चिलीतल्या दवाखान्यात ठेवून जहाज पुढे निघून गेलं. तेव्हापासून त्याची बहीण दामिनी टोकावड्याला गावच्या घरी मोबाइलवर स्पॅनिश शिकत बसली होती.

"जित्ता हाय का नाय, येवढंच इचार गो त्यांना!" आईचा धीर सुटला होता.

"आई, तो धडा अजून आलाच नाय!"

दवाखान्याचा व्हिडिओ कॉल लागला. नर्सला 'रोशन' हे नाव तेवढं कळलं, इंग्रजी कळेना. दामिनीला रडूच फुटलं. तिने स्पॅनिशमधलं पाठ झालेलं एकमेव वाक्य म्हटलं, "मुलगा सफरचंद खातो."

नर्स गोंधळली. मग फोन हातात धरूनच ती सफरचंद घेऊन एका पलंगाच्या पडद्यापाशी गेली.

 

पडद्याआडून एक हात सफरचंदाकडे आला. मनगटाला आईने बांधलेला काळा दोरा होता.