सुदर्शनचा अंदमानातला मुक्काम

सुदर्शन अंदमानहून अठराव्या दिवशी परत आला. तसं काही घडलंच नाही, असं मात्र त्याने एसटीतच ठरवून टाकलं.

कारण जाताना कळंबच्या गावकऱ्यांनी चौकात त्याचा फ्लेक्स लावला होता, शाल-नारळ देऊन सत्कार केला होता. "आता बेटावर निवांत जगणार," असं तो माइकवर बोलूनही बसला होता. पण अंदमानात बोटीत बसलं की उलट्या व्हायच्या, आणि बोटीशिवाय कुठे जाता यायचं नाही.

भरदुपारी तो तोंड लपवत घरी पोचला. ओट्यावर त्याची आई ठकूबाई व्हिडिओ कॉलवर बोलत होती.

"लई काळा पडलास रं, सुदर्शन. पण खुशीत दिसतोस."

त्याने वाकून पाहिलं. मोबाइलमध्ये तोच होता. मागे समुद्र, हातात शहाळं.

आईने वर बघितलं. "प्राची, पाणी आण गं. पावणं आल्यात."

बहिणीने सरळ त्याच्या तोंडाकडे बघत तांब्या दिला. "आमचा दादा अंदमानला असतो," ती कौतुकाने म्हणाली.

'अगं, मीच तो,' म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण मग परत का आलास, तेही सांगावं लागलं असतं. तो खाली मान घालून पाणी प्यायला.

मोबाइलमधला सुदर्शन त्याच्याकडेच बघत होता. "आई, पावण्यांना जेवल्याबिगर सोडू नको. लांबून आल्यात."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत अर्ज आला: 'मी गावी परत आलो असल्याचा दाखला मिळावा. मात्र त्यावर माझे नाव नसावे, ही नम्र विनंती.'