मुरादभाऊचा देश

मुरादभाऊ तीस वर्षांपासून राजुऱ्यात गाद्या भरत होता. छप्पन साली तालुका हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत परदेशी माणसांची नोंद सुरू झाली. बोलावणं आलं तसा म्हातारा पाय ओढत गेला.

"देश कोनता लिहू, भाऊ?" कारकून भैयाजीनं विचारलं.

"बुखारा. आमचा राजा, म्हंजे अमीर, पळाला, मंग मीही पळालो. मांगून रशियावाल्यायनं देश तोडला अन् उझबेक, ताजिक, तुर्कमेनायत वाटून देला."

"म्हंजे तो देश आता नाई. त्याच्यानंतरचा सांगा."

"निजामाचं हैदराबाद."

"तेही आत्ताच वाटलं ना, भाऊ."

मुरादनं हात जोडले. "मले इथून काढू नको, भैयाजी. बायको इथीच पुरली हाय. आता पुन्हा पळाचा दम नाई."

भैयाजीनं जरा विचार केला आणि लिहून टाकलं. "जन्म राजुऱ्याचा लिवला. आता तुमाले कोनी काढत नाई."

मुरादनं अंगठा उठवला.

घरी लेकीनं विचारलं, "बाबा, झालं ना काम?"

"झालं," म्हणता म्हणता म्हाताऱ्याला रडू फुटलं. "माह्या मायनं राजुऱ्याचं नावही कधी आयकलं नोतं व, बाई."