दोन पावलं मागे

“अवो, जरा सावकाश चला,” जनकाबाई मागून म्हणाली. “तुमचं अजून नवं हाय.”

डोंगरकड्याहून वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळचे सात वाजत होते. डांबरावरून संतराम आणि त्याचा शेजारी माणिकराव बरोबरीनं चालत होते. माणिकरावाच्या हृदयात स्टेंट बसवून दीड महिना झाला होता. रोज पाऊण तास चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याची बायको जनकाबाई दोघांच्या मागे, कडेच्या मातीवरून येत होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि कमरेच्या चंचीत नवऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी.

माणिकराव हसला. डॉक्टरनं नवं इंजिन बसवून देलं, आता कशाचं सावकाश, असं म्हणत त्यानं मुद्दाम लांब लांब पावलं टाकली.

संतराम मात्र थांबला.

त्याला स्वतःला हृदयाचा झटका आला, त्यानंतर दोन वर्षं हे वाक्य त्याच्याही मागून यायचं. त्याची बायको सखुबाई म्हणायची, सावकाश चला. तो म्हणायचा, मी ठणठणीत हाय, आणि वेग वाढवायचा. तिला आपली काळजी वाटते, हे त्याला बरं वाटायचं. त्याला झटका आला तेव्हा तिनं जीप करून दोन तासांत नांदेड गाठलं होतं. स्वतःच्या वेळी ती तीन दिवस जबडा दुखतो म्हणून लवंग चघळत होती आणि घरच्यांनी दातावरचं औषध आणून दिलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. बायकांना दरवेळी छातीत दुखेलच असं नाही, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कुणाला नुसता दम लागतो, कुणाचा जबडा दुखतो, कुणाची पाठ. पुरुष वेळेत पोचतात, बाया मागे राहतात. मग त्यांनी विचारलं, चालताना यांना धाप लागायची का?

“मी म्होरं असायचो,” संतराम एवढंच बोलला होता. त्याला आता वर्ष होत आलं.

तो मागे वळला. हवेत गारठा होता. माणिकरावानं कानाला मफलर गुंडाळला होता. जनकाबाईच्या कपाळावर घाम होता.

“वैनी, तुमाला दम लागून राहिला का?”

“मला काहून लागंल, भाऊजी? ह्यांच्यासाठी म्हणून राहिले मी.”

हिला काय होतंय, माणिकराव म्हणाला, ही डोक्यावर केळीचा घड घेऊन बांध वलांडती.

संतराम वाद घालत बसला नाही. जनकाबाईनं पुढे चालावं, आम्ही दोघं मागून येतो, असं त्यानं सांगितलं. गोष्ट साधी होती, पण दोघांनाही पटेना. जनकाबाईनं पदर नीट केला. माणसाच्या म्होरं बाई चालली तर रस्त्यावरचे लोक काय म्हणतील, हा तिचा प्रश्न होता. माणिकराव म्हणाला, मंग मी डोक्यावर पदर घेतो अन् बाटली धरतो.

“हसू द्या हसणाऱ्याला,” संतराम म्हणाला. “त्या पुलापर्यंत चाला. माझ्यासाठी म्हणून चाला.”

ती पुढे झाली. आधी लाजून भराभर चालली. समोरून दुधाची गाडी आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, आज उलटी वरात का काका? माणिकराव त्याला उत्तर द्यायला वळला. संतरामनं नजर हलवली नाही.

तीस-चाळीस पावलांवर तिची चाल मंदावली. थोडं पुढे तिनं हनुवटीखाली हात धरला. किलोमीटरच्या दगडापाशी ती थांबली, चपलेत खडा गेल्यासारखी वाकली आणि तशीच वाकून राहिली. चपलेला तिनं हात लावला नाही.

माणिकराव धावतच तिच्यापाशी गेला. धावू नका, ती तशातही म्हणाली.

त्यानं तिला दगडावर बसवलं. “हे कधीपासून?”

तिनं आधी श्वास जमवला.

“तुमी दवाखान्यात व्हते तवापासून. तुमचं चालू व्हतं. त्याच्यात माझं कुठं काढू?”

माणिकरावानं मुलाला, दीपकला फोन लावला. तो उचलेपर्यंत त्याला धीर निघाला नाही. फाट्याकडून येणारी काळीपिवळी जीप त्यानं रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवली आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना उतरून मागे बसायला लावलं. जनकाबाई आधी घरी चला म्हणत होती, म्हशीची धार राहिली होती. सरळ नांदेड, माणिकरावानं ड्रायव्हरला सांगितलं. गाडीत बसता बसता तिनं कमरेची चंची सोडून नवऱ्याच्या हातात दिली. गोळी जवळ असू द्या, म्हणाली.

मागच्या दारात लटकून माणिकरावानं विचारलं, “संतरामभाऊ, तुमाला कसं कळलं?”

गाडी निघाली होती. संतरामनं जा म्हणून हात हलवला.

रस्ता रिकामा झाला तसा तो घराकडे वळला. थोडा वेळ सवयीनं डांबरावरून झपझप चालला. मग कडेच्या मातीवर उतरला. सखुबाईची चाल त्यानं कधी पाहिली नव्हती. आज जनकाबाईची पाहिली होती, तेवढ्यावरून अंदाज बांधला. समोर एका बाईपुरती जागा सोडली आणि पावलं लहान केली.