हवेतलं पोहणं

"कॉरिडॉरमध्ये एक चक्कर मारून ये," म्हणत टेक्निशियनने मागच्या वेळी माझा पेसमेकर सेट केला होता. चालताना ठोके मस्त वाढले. पुढच्याच आठवड्यात पोहताना टँकच्या मध्यावर पोचलो आणि माझा दमच संपला. दोघांनी ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून आईने टँकचं नाव काढू दिलं नाही. आज पुन्हा त्याच टेक्निशियनकडे आलो होतो आणि ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"सर, पोहून दाखवू?" मी विचारलं.

"इथे?"

मी स्टुलावर पोटावर आडवा झालो आणि हवेत हात मारायला लागलो. दारातली नर्स खुदकन हसली.

"बुडशील हां," टेक्निशियन म्हणाला.

मी थांबलो नाही. धाप लागली. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. ठोके साठवरच होते. आडव्या अंगाला चालण्यासारखे हिसके बसत नव्हते, त्यामुळे पेसमेकरला वाटत होतं मी पडून आहे.

"सेटिंग वाढवतो. पण मग रिक्षा खड्ड्यात गेली तरी छाती धडधडेल," तो म्हणाला. "त्यापेक्षा पोहणं सोड ना. चालायला जात जा."

मी आईकडे बघितलंच नाही. ती काय म्हणणार ते मला माहीत होतं.

"चालायला मी पण जाते, साहेब," आई म्हणाली. "ह्याला पोहायचंय. वाढवा तुम्ही."

त्याने सेटिंग बदललं. आईने पर्स खाली ठेवली आणि माझे दोन्ही पाय धरले.

"मार हात," ती म्हणाली.